माझा अंदाज आणि सासूबाईंची नानकटाई

लखनौला आमच्या ऑफिसात माझं काम म्हणजे ग्रिडच्या लाइनींमधून किती वीज सुखरूप जाईल याचा अंदाज काढणं. एखादी लाइन अचानक बंद पडली तरी बाकीच्यांनी भार पेलला पाहिजे, म्हणून थोडी जागा कायम मोकळी ठेवायची.

इंदिरा नगरात आमच्या बिल्डिंगचा मेन स्विच मात्र जून महिन्यात रोज दुपारी सगळे एसी लागले की पडायचा. शेवटी खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड कर्नल म्हणाले, "मॅडम, पूरे प्रदेश का हिसाब करती हैं, हमारा भी कर दीजिए."

रविवारी मी जिन्याखाली मेन केबलला मीटर लावून बसले. एकेका घराने माझ्या हुकमाने एसी लावायचा. निरोप द्यायला लेक जिन्यात उभी. आकडा चढत गेला. माझा अंदाज असा, की एक एसी बंद राहिला तर बाकीचे निभावतील. तो एक आमचा, हे मी मोठ्या मनाने जाहीर केलं. सांगलीहून आलेल्या सासूबाई वरून म्हणाल्या, "अगं, आपलाच का?"

"आई, मोकळी जागा ठेवावी लागते!"

बाकी सगळे एसी लागले. मेन स्विच जागचा हलला नाही. कर्नलसाहेबांनी मला चक्क सॅल्यूट ठोकला. मी अजून मान डोलावतेच आहे, तोवर खाट! मेन स्विच पडला, सगळ्या बिल्डिंगची वीज गेली.

"मम्मी, दादी ने ओवन चलाया है!" लेक ओरडली.

मी धावत वर गेले. सासूबाई पीठ लागलेल्या हातांनी उभ्या. "तुझं सगळं जमलं म्हणून तोंड गोड करायला नानकटाई लावली. तू एसी बंद ठेव म्हणालीस. ओव्हनचं कुठे बोललीस?"

मागोमाग आलेले कर्नल गंभीरपणे म्हणाले, "अंदाज़ा बिल्कुल सही था मॅडम. दुश्मन घर का निकला."

पण अर्धी कच्ची नानकटाई टाकवणार कुणाला? कर्नलसाहेबांनी जिन्यात उभं राहून फर्मान सोडलं: नानकटाई होईपर्यंत सगळे एसी बंद. आणि भर दुपारी, घामाने निथळत, अख्खी बिल्डिंग आमच्या हॉलमध्ये ओव्हनकडे तोंड करून बसली.

नानकटाई झकास झाली होती. कर्नलसाहेबांनी दुसरा घाणा लावायला सांगितला.