एक पिंड जास्त

२०१४च्या सप्टेंबरात, पितृपक्षात, माझ्या आईने नॉम पेन्हमधल्या एका घरात भाताचा एक पिंड जास्त केला.

आई तेव्हा पुण्याहून माझ्याकडे सिंगापूरला आली होती. मी तिथल्या वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीत मजकूर तपासण्याचे काम करत असे. शेजारच्या टेबलावर हिशेब बघणारी एक कंबोडियन मैत्रीण बसायची. तिला पाचवा महिना होता, पहिलीच खेप. तिची आई नॉम पेन्हमध्ये एकटी राहत होती आणि बाळंतपणाला सिंगापूरला यायला तयार नव्हती.

एका दुपारी आई आमच्याबरोबर हॉकर सेंटरला जेवायला आली, तेव्हा हे तिच्या कानावर गेले.

"आई असून लेकीच्या बाळंतपणाला येत नाही?" आई मला मराठीत म्हणाली. "विचार तिला, भांडण झालंय का."

भांडण नव्हते. सत्तरच्या दशकात कंबोडियात जी राजवट आली तिने शहरे रिकामी केली, लोकांना शेतांवर हाकलले आणि मुलांना आईबापांपासून तोडून छावण्यांत ठेवले. मैत्रिणीचा थोरला भाऊ असाच नेला गेला, तिच्या जन्माच्या आधी. त्याचे पुढे काय झाले हे कोणालाच कळले नाही. राजवट पडल्यावर तिची आई शहरात परतली, तर घरात दुसरेच लोक राहत होते. तिने त्याच गल्लीत, समोरच, एक खोली घेतली. मुलगा आला तर याच गल्लीत येईल, हा तिचा हिशेब. तेव्हापासून तिने एकदाही रात्रीचा मुक्काम बाहेर केला नव्हता.

"दोनदा तिकीट काढलं, दोनदा रद्द केलं," मैत्रीण म्हणाली. "आता प्चुम बेनला घरी जातेय, तेव्हा शेवटचं विचारणार. तुम्ही दोघी चला ना. पाहुण्यांसमोर ती ओरडत नाही, लाह." वाक्याशेवटी 'लाह' लावायची सिंगापुरी सवय तिला लागली होती.

प्चुम बेन हा त्यांचा पितरांचा पंधरवडा. तो साधारण आपल्या पितृपक्षाबरोबरच येतो आणि अमावास्येला संपतो.

"पितृपक्षात कोणी फिरायला जातं का?" आई मला घरी आल्यावर म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच बॅग माळ्यावरून काढायला सांगितली. "आपण कुठे फिरायला चाललोय? कामाला चाललोय."

नॉम पेन्हला पोचल्यावर सकाळी आम्ही दोघी, प्रवासी जातात तिथे, त्या राजवटीने शाळेचा तुरुंग केला ती इमारत पाहायला गेलो. भिंतीवर कैद्यांचे फोटो होते, रांगेने. आई निवृत्त शिक्षिका. ती फोटोंपुढे फार थांबली नाही. एका वर्गात मात्र बराच वेळ उभी राहिली. "फळा तसाच ठेवलाय गं," एवढेच म्हणाली. मग अंगणातल्या चाफ्याखाली जाऊन बसली आणि मी येईपर्यंत उठली नाही.

संध्याकाळी मैत्रिणीच्या घरी गेलो. तिच्या आईला सगळी गल्ली 'येय' म्हणते, म्हणजे आजी. आम्हीही तेच म्हणू लागलो. खोलीचे दार सताड उघडे होते आणि येयची बसायची जागा दाराकडे तोंड करून. माझी आई मराठीत बोले, मी मैत्रिणीला इंग्रजीत सांगे, ती ख्मेरमध्ये. दोघी म्हाताऱ्यांना या साखळीपुरता धीर नव्हता; आमचे सांगून व्हायच्या आतच त्या एकमेकींना उत्तरे देत.

चटईवर चिकट भाताचे पातेले होते आणि वाटीत तीळ. पहाटे देवळाला फेरी घालताना पितरांसाठी टाकायचे गोळे करायचे होते. आईने न विचारता हात धुतले आणि मांडी घातली. भातात तीळ घालून पिंड वळणे तिला नवे नव्हते. आमच्या घरी श्राद्धाचा भात तीच करत आली होती.

येयने आईचा पहिला गोळा उचलून लेकीला दाखवला. "हा लाडू कोणासाठी? आमच्या पितरांचं तोंड सुईच्या नेढ्याएवढं असतं."

"सांग तिला," आई म्हणाली, "आमच्याकडे पितरांना उपाशी परत पाठवत नाहीत."

येय हसली. आईने गोळे लहान केले.

येयच्या घरी एका नावाचा एक गोळा, अशी तिची स्वतःची पद्धत होती. आईबाप, नवरा, बहिणी. प्रत्येक नाव घेऊन ती गोळा ताटात ठेवी. नावे संपली तेव्हा आईने आणखी एक वळला आणि ताटाच्या कडेला ठेवला.

येयचा हात थांबला. तिने तो गोळा उचलून मोडला आणि भात पातेल्यात परत टाकला. मग लेकीला काहीतरी बोलली, हळू आवाजात पण भराभर.

"काय झालं?" आईने विचारले.

मैत्रिणीचा चेहरा उतरला होता. "भावाच्या नावाने ती गोळा करत नाही; केला तर तो गेला असं मानल्यासारखं होईल. तिला वाटतंय, तुम्ही तो त्याचा केलात. आणि मी त्यासाठीच तुम्हाला आणलं, असंही वाटतंय."

आईने तिळाचे हात पदराला पुसले, जे ती एरवी कधी करत नाही. "अगं, नाही गं बाई. तो धर्मपिंड. सांग तिला, नीट सांग. तो तुझ्या मुलाचा नाही. आमच्याकडे घरच्यांचे पिंड झाले की एक वेगळा ठेवतात. ज्यांना घालणारं कोणी नाही, त्यांचा. सवयीने केला मी."

येयने ऐकून घेतले. मग तिने विचारले, "नाव काय घेता?"

"नाव नाही घेत."

"मग पोचतो कोणाला?"

"ज्याला लागत असेल त्याला. कुठल्या गावचा, कोणाचा, ते आपण विचारत नाही."

"तुझ्या गावात सगळे करतात?"

"सगळे नाही," आई म्हणाली. " जे श्राद्ध घालतात, ते करतात."

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

येय दाराबाहेर बघत राहिली. समोरच्या घरात कोणीतरी भांडी घासत होते. मग ती लेकीला म्हणाली, आणि लेकीने ते आम्हाला सांगताना दोनदा सुरुवात केली: "म्हणजे मी नाही केलं, तरी तो उपाशी नसेल. पितरांत असेल तर."

तिने पातेल्यातून चिमूटभर भात घेतला, अगदी लहान गोळा वळला आणि ताटाच्या कडेला ठेवला.

"हा कोणाचा?" मैत्रिणीने विचारले.

"तुझ्या पाहुणीचा," येय म्हणाली. "कोणाचा ते विचारायचं नसतं ना?"

पहाटे अंधारात देवळाभोवती माणसे फिरत होती. येय पुढे, मैत्रीण तिचा दंड धरून. येय एकेक नाव पुटपुटत गोळा टाकत होती. शेवटचा टाकताना ती काही बोलली का, हे आम्हाला ऐकू आले नाही. सिंगापूरला येण्याचा विषय त्या मुक्कामात कोणी काढला नाही.

आई दिवाळीला पुण्याला परत गेली. डिसेंबरात ऑफिसच्या पँट्रीत मैत्रिणीने मला सांगितले की येयने स्वतः फोन करून तिकीट काढायला सांगितले आहे, आणि फोनवर लगेच ओरडलीही, महागाचे काढू नकोस म्हणून. माझ्या आईने पुण्याहून कोणाबरोबर तरी हळीव पाठवले. जानेवारीत मुलगी झाली. येय एप्रिलमधल्या त्यांच्या नववर्षापर्यंत सिंगापूरला राहिली आणि मग आपल्या गल्लीत परत गेली.

सिंगापूरला निघण्यापूर्वी तिने खोलीची किल्ली समोरच्या घरात दिली होती आणि दारावर लेकीचा सिंगापूरचा फोन नंबर ठळक रंगवून घेतला होता. त्या नंबरवर भावाबद्दल कोणाचा फोन आलेला नाही, असे मैत्रिणीने २०१८मध्ये सांगितले. नंबर तिने बदललेला नाही.