पासवर्ड सांगायचा नाही

आई गेल्यावर बाबा दिल्लीत, द्वारकेच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहत. नोकरी केंद्र सरकारची, उमेदीची सगळी वर्षं आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये गेली, आणि हे घर निवृत्तीनंतरचं. मी पुण्याला, आयटीत. गेल्या हिवाळ्यात त्यांच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंचा फोन आला, साहेब गॅस चालू ठेवून फिरायला निघून जातात म्हणून. मी मॅनेजरला सांगितलं, काही आठवडे दिल्लीहून काम करेन, आणि लॅपटॉप घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप उघडला, तर घरचं वायफाय लागेना. मध्यंतरी बाबांना बँकेच्या नावाने खोटा फोन आला होता. नुकसान झालं नाही, पण ते फार घाबरले होते. तेव्हा मीच पुण्याहून फोनवर एकेक पायरी सांगत त्यांना सगळे पासवर्ड बदलायला लावले होते, आणि बजावलं होतं की कोणीही मागितला तरी द्यायचा नाही. मलासुद्धा फोनवर सांगू नका.

बाबा पेपर चाळत बसले होते. मी विचारलं, "बाबा, वायफायचा पासवर्ड काय ठेवलाय?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी अदबीने म्हणाले, "माफ कीजिए मॅडम, पासवर्ड नहीं दे सकता. बेटी ने मना किया है."

आधी वाटलं, थट्टा करतायत. पण बाबा घरात कधी हिंदी बोलत नसत. शाळेतून येऊन मी चुकून हिंदीत काही मागितलं, तर मराठीत मागेपर्यंत ते उत्तरही देत नसत. त्यांची हिंदी बाहेरच्या माणसांसाठी होती.

"बाबा, मी आहे," मी म्हटलं. ते नम्रपणे हसले, उठले आणि राउटरच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. त्यांना बाजूला करून त्याला हात लावावा, असं मला वाटेना.

मीटिंगची वेळ झाली होती. सोसायटीच्या क्लबहाउसमधलं वायफाय सगळ्यांना खुलं, पण ऑफिसचा लॅपटॉप अशा उघड्या नेटवर्कला जोडायला मनाई होती. शेवटी फोनचा हॉटस्पॉट सुरू केला. खोलीत रेंज मिळेना, म्हणून शाल गुंडाळून बाल्कनीत बसले. बाहेर धुरकट, डोळे चुरचुरत होते. व्हीपीएन जोडल्यावर एकदाची मीटिंगमध्ये शिरले.

थोड्या वेळाने बाबा माझ्यासाठी चहा घेऊन आले. कुठून आलात, असं हिंदीतच विचारलं. मी पुणे म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"मेरी बेटी भी वहीं है."

मग ते तिच्याबद्दल सांगत बसले. कॉम्प्युटरचं सगळं तिला कळतं, कामातून सवड होत नाही, तरी रविवारी फोन करते. मी माइक बंद करून ऐकत होते. मीटिंगमध्ये कोणीतरी मला काही विचारत होतं, ते मी ऐकलंच नाही.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर त्यांनी मराठीत विचारलं, "तू कधी आलीस?"

"आत्ताच," मी म्हटलं. त्यांनी स्वतःच्या ताटातली पोळी मला वाढली.

डॉक्टरांनी तपासून जे सांगितलं, ते मला कळून चुकलंच होतं. उन्हाळ्याच्या आधी त्यांना पुण्याला आणलं. वाटलं होतं, चारी बाजूंनी मराठी कानावर पडेल, बरं वाटेल. पण त्यांना सगळेच परके होते, आणि परक्यांशी ते हिंदीतच बोलत. आमच्या वॉचमनला वाटायचं, हे उत्तरेकडचे पाहुणे आहेत. पुढे पुढे मी मराठीत हाक मारली तर ते नुसते बघत राहायचे. हिंदीत विचारलं की उत्तर यायचं. म्हणून मीही त्यांच्याशी हिंदीत बोलायला लागले.

दिवाळीच्या आधी ते गेले. जाण्याच्या काही दिवस आधी मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी विचारलं, "आपके घर में कौन कौन है?"

"पिताजी हैं," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.