खंडेनवमीचा हार परत आला

मैत्रिणींनो, आज खंडेनवमी. हे अंबडच्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळतात. दरवर्षी त्या मशीनला हार आमच्या घरचाच. आजही सकाळी झेंडू ओवून दिला.

दुपारी हे हार घेऊन परत आले.

"अहो, पूजा नाही झाली?"

"कशाची करू? सर्व्हर आजच भंगारात गेले."

कंपनीचं सगळं काम क्लाऊडवर, म्हणजे इंटरनेटवरून दुसरीकडच्या मशीनवर, चढवलं ते ह्यांनीच, वर्षभर रविवारीसुद्धा जाऊन. आता कामं झटपट होतात म्हणे. साहेबांनी पेढा हातावर ठेवून सांगितलं, "तुम्ही इतकं चोख केलंत, की आता माणूसच लागत नाही. उद्यापासून येऊ नका."

फुलं वाया नकोत म्हणून हार देवीला घातला. ह्यांच्या हातून काम चोख होऊ दे, हेच मी तिच्याकडे मागत आले. सांगा, आता काय मागू?