आंघोळीच्या चुलीतलं मांजर

लेकीच्या बाळंतपणाला म्हणून बायको दिवाळीनंतर मुंबईला गेली आणि कापडे गावातल्या आमच्या घरात मी, एक म्हैस आणि चार मांजरं एवढेच उरलो. निघताना तिनं ज्या सूचना दिल्या त्यातली एक म्हशीची होती, बाकी सगळ्या मांजरांच्या. मुंबईत उभा जन्म नोकरी करून, लोकांच्या तक्रारी ऐकून माझे केस पांढरे झाले. आणि आता या वयात मला मांजराचा भात कसा कालवायचा ते शिकायचं होतं.

मांजरं गोठ्यातली. त्यांना घरात घ्यायचं नाही हा बायकोचाच कायदा, कारण एकदा का लाडावली की कणगीतल्या भाताला लागलेले उंदीर कोण धरणार? पण थंडी पडली की हीच बाई त्यांची अशी बडदास्त ठेवते की आमच्या जावयाला हेवा वाटावा. जमीन ओली असते म्हणून पेंढा भरलेली गोणपाटं फळीवर टाकायची. दूधभात कोमटच द्यायचा. गोठ्याच्या दाराखालच्या फटीत फडकी कोंबायची, पण जायला-यायला एक कोपरा मोकळा ठेवायचा.

"आणि सकाळी आंघोळीची चूल पेटवायच्या आधी आत काठी फिरवायची," रिक्षात बसता बसता ती म्हणाली. "भुरी राखेत झोपते."

"स्वेटर पण विणू काय तिला?"

"येत असेल तर विणा," ती म्हणाली आणि रिक्षा सुटली.

कोकणात कुठली आली थंडी, असं मुंबईकर म्हणतात. त्यांनी पौषात आमच्याकडे येऊन बघावं. महाबळेश्वराकडून वारा खाली उतरतो, धुकं नऊ वाजले तरी खाचरांवरून हलत नाही, आणि मागच्या पडवीतली चूल पेटून कढत पाणी अंगावर पडल्याशिवाय माणूस माणसात येत नाही. बाकीची तीन मांजरं म्हशीच्या कुशीला चिकटून झोपायची. भुरी म्हातारी, अंगावर मांस नाही, आणि म्हशीशी तिचं पटत नसे. ती आपली दिवेलागणीला चुलीच्या तोंडातून आत शिरायची आणि सकाळपर्यंत त्या उबेत पडून राहायची.

महिनाभर मी इमानेइतबारे काठी फिरवली. काठी लागली की भुरी बाहेर यायची, राख झटकायची आणि माझ्याकडे असं बघायची की जणू मीच तिच्या घरात घुसलोय. मग एके दिवशी मला सकाळच्या गाडीनं महाडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. उठायला उशीर झाला. घाईघाईत काटक्या सारल्या, वर पेटता कागद टाकला, आणि आतून किंकाळी आली. भुरी माझ्या पायाला घासून सुटली ती थेट कुंपणापलीकडे. पडवीत जळक्या केसांचा वास राहिला.

डॉक्टर राहिला बाजूला. मी दिवसभर तिला शोधत होतो.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे बायकोचा फोन आला. "भुरी जेवली काय?"

"जेवली."

"पोटभर?"

"पोटभर," मी म्हणालो. आता ही थाप मारायची काही गरज होती का? पण तोंडातून गेली ती गेली.

पलीकडच्या घरातल्या वहिनींना विचारलं असतं तर काम सोपं होतं. पण वहिनींना सांगणं म्हणजे मुंबईला सांगणं. दोघी दिवसातून दोनदा फोनवर असतात. म्हणून मी चोरासारखा शोधत होतो. पेंढ्याची उडवी उपसली, ओढ्याकाठची करवंदीची जाळी पालथी घातली, हात ओरबाडून घेतले. सुकट भाजून वास सोडला, तर गावातले चार परके बोके आले. दुसऱ्या दिवशी वहिनींनी मला उडवीत डोकं घातलेलं बघितलंच.

"काय शोधताय, भावोजी?"

"कोयती."

"मिळेल हो. जाते कुठे? इथंच असेल कुणाकडे तरी," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून निघून गेल्या.

ऊन असेतोवर बरं वाटायचं. ऊन उतरलं की नको ते मनात यायचं. भाजलेलं म्हातारं मांजर या थंडीत कुठे पडलं असेल? चूल पेटवायला हात धजावेना म्हणून मी गार पाण्यानं आंघोळ करत होतो आणि कुडकुडताना स्वतःलाच शिव्या घालत होतो. फोन मात्र रोज वेळेवर येत होता. भुरी जेवली काय? जेवली.

तिसऱ्या संध्याकाळी मला ते जमेना. "नाय जेवली," मी म्हणालो. "ती हायच कुठे जेवायला? मी तिला चुलीत भाजली गो. आज तीन दिवस सापडत नाय." सगळं सांगून टाकलं.

पलीकडे नातू रडत होता. त्याला थोपटत ती म्हणाली, "मला ठाऊक हाय. त्याच दिवशी वहिनींचा फोन आला. भुरी त्यांच्याकडे हाय. शेपटी करपली, मिशा गेल्या, बाकी ठीक हाय."

माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच डोकं फिरलं. "मग मला तीन दिवस रानोमाळ कशाला हिंडवलंस?"

"मी कुठे हिंडवलं? मी तर रोज विचारत होते." ती म्हणाली. "भाजली त्याचा राग नाय हो. चूक कुणाकडून पण होते. पण तुम्ही 'पोटभर' म्हणालात ना, तेव्हा मला रडू आलं."

मी फोन खिशात टाकला.

तसाच वहिनींकडे गेलो. भुरी चुलीपुढे पोत्यावर बसली होती, शेपटीला कोरफडीचा गर लावलेला. मला बघितलं आणि तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"कोयती मिळाली म्हणायची," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्या हातात दिला.

बायकोनं आधी भुरीला बघितलं, मग मला नीट निरखून बघितलं. "आणि तुम्ही? तीन दिवस काय जेवलात?"

"जेवतो की, पोट…" म्हणता म्हणता मी तो शब्द अर्ध्यावरच सोडला. "नाय जेवलो. चहात बुडवून बटर, बस."

"वहिनी, ह्यांना वाढा जरा."

वहिनींनी ताट आधीच मांडलं होतं. गरम भात, सुकटीचं कालवण. मी मान खाली घालून दोनदा भात मागून घेतला. भुरी काही जवळ येईना. शेवटी एक घास कालवणात कुस्करून जमिनीवर ठेवला, ताट उचललं आणि लांब दाराशी जाऊन बसलो. तेव्हा ती आली.