कूलरच्या पात्यांवरचा सर्फबोर्ड

सर्फबोर्डला दिशा देणारे फिन मी कूलरच्या पंख्याची दोन पाती कापून बनवले. बरगीच्या जलाशयात मोटरबोटीने मला दोरीवर ओढायला सुरुवात केली आणि बोर्ड डावीकडे खेचू लागला. सगळा भार उजवीकडे टाकला, तरी काठचे खडक जवळच येत होते.

"दोरी सोड!" बोटीतून बाबा ओरडले.

सोडली. मी पाण्यात पडलो, बोर्ड खडकावर जाऊन फुटला. बाबांनी मला बोटीत ओढून घेतलं. जन्मभर गोहलपुरात कूलर बनवणारा माणूस तो.

"एकाच पंख्याची दोन्ही पाती काहून लावली? दोन्हींचा पीळ एकाच बाजूला राहते. मला विचारलं असतं तर?"

विचारलं नव्हतं. घरातला पहिला इंजिनियर मी होतो.