चौथ्या सिलिंडरातला नाडा

"भाऊजी, गेले हे." वहिनींनी फोनवर एवढंच सांगितलं. आमचा मधू जाणार हे आम्हाला ठाऊक होतं, यकृतापुढे डॉक्टरांनी केव्हाच हात टेकले होते. तरी अवधपुरीतल्या त्याच्या घरी पोचलो तेव्हा पाय आधी पोर्चकडे वळले, कारण कितीतरी दिवसांत तो मला खोलीत सापडलाच नव्हता. पोर्चमध्ये त्याची लाल गाडी बॉनेट उघडं टाकून उभी होती आणि इंजिनावर जुनं धोतर पांघरलेलं होतं. आदल्या संध्याकाळी त्यानंच ते झाकून ठेवलं होतं, उद्या उरलेलं करू म्हणून.

मधू आणि मी नागपूरहून एकाच सुमारास इथल्या कारखान्यात लागलो, एकाच शॉपमध्ये टर्बाइनच्या जुळणीवर जन्म काढला. मी निवृत्त झाल्यावर भाजीबाजार धरला; या गृहस्थानं परदेशी निघालेल्या कुणा साहेबाची दोन सीटांची जुनी विदेशी स्पोर्ट्स कार घेतली. मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांपर्यंत चढणारं इंजिन! "अबे, आपलं टर्बाइन तीन हजारांवर फिरते," तो मला सांगायचा, "अन् हे बघ, गुणगुणायला सुरुवातच सहा हजारांला करते." पहाटे रायसेन रोडला तो एकटाच जाऊन यायचा. वहिनी कधी बसल्या नाहीत. जमिनीला टेकलेल्या गाडीत साडी नेसलेल्या बाईनं बसायचं कसं, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो बिनतोड होता.

मग आजार निघाला, आणि त्याच सुमारास वहिनी एकदा सहज म्हणून गेल्या, "मला न्या बरं एकदा. पूर्ण वेगानं." झालं! मधूनं इंजिनाचं झाकण उघडून पाहिलं तर रिटेनर झिजलेले. रिटेनर म्हणजे वॉल्व्हच्या स्प्रिंगला वरून धरून ठेवणारी बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी वाटी. त्या फेऱ्यांवर ती फुटली की वॉल्व्ह थेट पिस्टनवर पडतो आणि इंजिनाचा चुरा होतो. सगळे बदलायचे ठरले. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, न उतरवता स्प्रिंग काढायची तर वॉल्व्ह आत पडू नये म्हणून सिलिंडरात मऊ दोर भरतात आणि पिस्टन वर आणून दोर वॉल्व्हखाली दाबून धरतात. मधूला सुती दोर हवा होता. त्यानं वहिनींच्या परकराचा नवा नाडा उचलला. "आयुष्यात चोरी केली नाही तुम्ही, आणि केली ती नाड्याची!" वहिनी म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. त्या घरातलं ते शेवटचं हसू मी ऐकलेलं.

पहिला सिलिंडर त्यानं झोकात केला. दुसऱ्यापासून अडू लागलं. वाटीला वॉल्व्हवर अडकवणाऱ्या चिमुकल्या पाचरी, म्हणजे कॉटर, ग्रीसनं चिकटवायचे, आणि ते त्याच्या बोटांतून निसटून खाली टणटणत जायचे. आम्ही दोघं म्हातारे गुडघ्यांवर बसून ते शोधायचो... तिसरा संपेपर्यंत त्याला खुर्चीवरून उठवायला मी लागत होतो. "सरक, मी करतो," म्हटलं तर डोळे वटारायचा. आमच्या शॉपचा जुना फोरमन सांगायचा, "जिसने खोला, वही बंद करेगा." मशीन ज्यानं उघडलं, आत काय राहिलंय ते त्यालाच ठाऊक, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. जन्मभर हा नियम आम्ही देवाच्या वरताण पाळला. कारखान्यात तो ठीकच होता. मरणाऱ्या माणसाच्या पोर्चमध्ये तो कुठून आला? राग येतो मला मधूचा, अजून येतो. बायकोला एकदा फिरवून आणायचं होतं ना तुला? मग मला पाना दिला असतास तर काय बिघडलं असतं, गाढवा?

चौथ्या सिलिंडरच्या दोन स्प्रिंगा काढल्या आणि तो थांबला. त्याचा तो 'उद्या' आलाच नाही.

तेरावं झाल्यावर वहिनींनी मला पोर्चमध्ये बोलावलं. "भाऊजी, माझा नाडा काढून द्या."

मी म्हटलं, "वहिनी, तो काढला तर वॉल्व्ह आत पडतील. आनंद नगरचा मिस्त्री उरलेलं करून देईल, मी बोलतो त्याच्याशी."

"गाडी सुरू होईल?"

"होईल."

"मग मला नेणार कोण?"

मी पाना लावून पिस्टन थोडा खाली घेतला आणि प्लगच्या भोकातून नाडा ओढत गेलो. तो काळा, तेलकट होऊन निघाला. शेवटचं टोक सुटलं तसा आत बारीक आवाज झाला, मागोमाग दुसरा. वहिनींनी तो आवाज ऐकला, नाडा हातावर गुंडाळला आणि आत गेल्या.

काल गेलो तेव्हा अंगणातल्या दोरीवर एकटा तो नाडाच वाळत होता. साबणानं पार विरलेला, पण काळा तो काळाच. मी म्हटलं, "वहिनी, इंजिनाचं तेल आहे. कितीही धुतलं तरी जायचं नाही."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण यांचं धुवायचं आता तेवढंच उरलंय."