वलांडीवरचा झेंडा

परक्या देशाचा झेंडा फडकवताना डोक्यावर सुके बोंबील पडलेला पालघर जिल्ह्यातला मी बहुधा पहिलाच माणूस.

सुरुवात माझ्या तोंडापासून झाली. आम्ही तारापूरला सासूबाईंच्या घरात राहतो. (घरजावई म्हणू नका, कारखाना जवळ पडतो!) वरच्या खोलीत तेस्फाय. इरिट्रियाहून आमच्या कारखान्यात मशीनचं काम शिकायला आलेला. हिंदी बोईसरच्या कामगारांकडून उचललेली. त्याला मी गावभर 'आमचा इथिओपियाचा पाहुणा' म्हणून मिरवत होतो.

"भाई, इथिओपिया नहीं! इरिट्रिया!"

"अरे, एक ही तो है ना? पड़ोसी!"

तेस्फाय भरल्या ताटावरून उठला. इथिओपियापासून वेगळं होण्यासाठी त्याच्या वडिलांनी बंदूक उचलली होती, हे मला बायकोकडून नंतर कळलं.

"जावई, तुमाला कोनी ठान्याचं म्हटलं का कसं भडकता!" सासूबाई कडाडल्या. "मग त्याला राग नाय येनार?"

खरंच की! पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा झाल्यापासून कुणी "म्हणजे ठाण्यातच ना?" म्हटलं की माझं टाळकं सरकतं. पत्रिकेवर 'जि. ठाणे' छापलं म्हणून मी मावसभावाच्या लग्नाला गेलो नव्हतो!

भरपाईची संधी मे महिन्यात आली. त्यांचा स्वातंत्र्यदिन! तेस्फायची आई तिकडे मसावा बंदरात, भाऊ स्वीडनला, बहीण जेद्दाला. त्या दिवशी सगळे व्हिडिओ कॉलवर जमतात आणि आपापला सोहळा दाखवतात. भावाकडे हॉल भरून माणसं, बहिणीकडे नाचगाणी. आणि तेस्फायला भाऊ म्हणाला होता, "तू एकटाच! आरशासमोर उभा राहा, म्हणजे दोघं व्हाल!" बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

"एकटा कसा? झेंडा आपल्या पद्धतीने फडकवू! पाकळ्यांसकट!" मी छाती ठोकली.

आईने घडी घालून दिलेला झेंडा त्याने बॅगेतून काढला. हिरवा, लाल, निळा, लालावर पिवळ्या ऑलिव्हच्या डहाळ्या. मी त्यात झेंडूच्या पाकळ्या भरल्या आणि खास माझी गाठ मारली. आता काठी? गच्चीवर सासूबाईंची वलांडी होती, म्हणजे बोंबील वाळत घालायची बांबूची मांडणी. तिचाच सगळ्यात उंच बांबू मी पसंत केला.

"जावई, त्याला माझे बोंबील टांगलेले हायत!"

"काही होत नाही हो!"

सकाळी सगळी आळी गच्चीवर! बायकोने मोबाईल धरला. त्यात मसावा, स्वीडन, जेद्दा. तेस्फाय ताठ उभा. मी दोरी ओढली. गाठ सुटेना. पुन्हा ओढली. आणखी घट्ट!

"वडू नका, वलांडी हालतेय!" सासूबाई ओरडल्या.

पण स्वीडनवाला हसताना दिसला आणि माझं रक्त उसळलं. मी दोरीला लोंबकळलोच! कडाड्! बांबू वाकला, वलांडी कोसळली, आठवड्याभराचे बोंबील माझ्या टाळक्यावर! आणि झेंडा सुटून खाली यायला लागला.

तेस्फायच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. तेवढ्यात सासूबाईंनी कमरेवरची बोंबलांची टोपली फेकली आणि झेंडा वरच्या वर झेलला. "मरूंदे बोंबील! ह्याला भुई लागता नये!"

एक टोक त्यांनी धरलं, एक तेस्फायने. तो गायला लागला. भाषा कुणालाच कळत नव्हती, पण अख्खी आळी सावधान! मीही डोक्यावरच्या बोंबलांसकट ताठ!

गाणं संपलं तेव्हा मोबाईलमधली आई हसता हसता डोळे पुसत होती.

"माँ बोलती है, मसावा में हम भी मछली ऐसे ही सुखाते हैं," तेस्फाय म्हणाला. "बोलती है, स्वीडन का झंडा बड़ा है, लेकिन घर की बास तेरे झंडे को आएगी!"

मी खूश! मग आईने माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. हा मासळीत बुडालेला गृहस्थ कोण, असंच असणार. तेस्फायने त्यांच्या भाषेत माझी ओळख करून दिली. त्यातला एकच शब्द मला स्वच्छ ऐकू आला: 'ठाणे'.

"पालघर!" मी किंचाळलो. "ठाणे नहीं! जिल्हा पालघर!"

तेस्फायने शांतपणे माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"अरे भाई, एक ही तो है ना? पड़ोसी!"

सडेतोड उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, तर मिशीत अडकलेलं बोंबलाचं शेपूट आत गेलं.